जुन्या मोटारींच्या पुनर्स्थापनेतील पत्राकाम व धातुपृष्ठाची सिद्धता : तंत्र आणि तारतम्य

गोषवारा :
अभिजात मोटारींच्या पुनर्स्थापनेत रंग व चकाकी या बाबी प्रथम नजरेस येत असल्या, तरी कामाची खरी गुणवत्ता रंगाखालच्या पत्र्यात असते. प्रस्तुत लेखात मोटारीच्या बॉडीची घडण, गंजाची कारणे, पत्रा सरळ करण्यामागील धातुशास्त्र, सांधकाम, भरणकाम व मुलामा यांचे विवेचन केले आहे. पत्रा जितका निर्दोष करावा, तितका त्याचा मूळ अंश कमी होतो, हा या कामातील मध्यवर्ती पेच होय. तंत्राबरोबरच कोठे थांबावे याचा विवेकही पुनर्स्थापनेत आवश्यक ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : पत्राकाम, मठारकाम, डाख, गंज, मुलामा, जतन, पुनर्स्थापना.

१. प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास १८८६ साली कार्ल बेंझ यांनी घेतलेल्या पेटंटपासून मोजण्याची प्रथा आहे. या दीर्घ काळात मोटार हे केवळ वाहतुकीचे साधन राहिलेले नाही. ज्या काळात ती घडली त्या काळातील धातुविद्या, कारागिरी, सौंदर्यदृष्टी आणि कारखानदारी यांचा ती एक पुरावा ठरली आहे. त्यामुळे जुन्या मोटारींचे जतन हा छंदाचा विषय असला, तरी त्याला वारसा-संवर्धनाची बाजूही आहे.

मंदिर, वाडा किंवा हस्तलिखित यांच्या जतनाविषयी अभ्यासकांत बरीच चर्चा झालेली आहे. त्या मानाने यंत्रवस्तूंच्या जतनाचा विचार कमी प्रमाणात झालेला दिसतो. यंत्राचा भाग बदलता येतो, म्हणून तो बदलण्यास हरकत नाही, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत टिकते हे पाहण्यासाठी मोटारीची बॉडी हे उत्तम उदाहरण आहे. इंजिनाचा झिजलेला भाग बदलल्याने इंजिन चालू राहते. परंतु बॉडीचा पत्रा बदलला, की कारागिराच्या हाताची किंवा साच्याची मूळ खूण कायमची नाहीशी होते.

२. बॉडीची घडण

आरंभीच्या काळात मोटारीची बॉडी घोडागाडीच्या परंपरेतून आली. लाकडी सांगाडा, बहुधा ॲश वृक्षाच्या लाकडाचा, आणि त्यावर हाताने घडवून बसवलेले ॲल्युमिनियमचे अथवा पोलादाचे पत्रे अशी तिची रचना असे. अमेरिकेत एडवर्ड बड यांच्या १९१२ साली स्थापन झालेल्या कंपनीने संपूर्ण पोलादी बॉडीचे तंत्र व्यापारी पायावर आणले. फ्रान्समध्ये सित्रोएनने १९२४ च्या सुमारास ते स्वीकारले. १९३४ च्या सित्रोएन त्राक्स्योन आवाँ या मोटारीत स्वतंत्र चासी नव्हती. बॉडीच भार पेलत असे. अशा रचनेत पत्रा हा केवळ वेष्टन न राहता मोटारीचा कणा बनतो, आणि त्याचा गंज हा सौंदर्याचा नव्हे तर सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो.

ब्रिटनमधील जग्वार कंपनीच्या दोन मोटारींतून हे स्थित्यंतर स्पष्ट होते. १९४८ साली प्रदर्शित झालेल्या एक्सके १२० या मोटारीच्या पहिल्या सुमारे २४० प्रती लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे बसवून तयार झाल्या. मागणी वाढल्यावर १९५० पासून बॉडी साच्यात दाबलेल्या पोलादी पत्र्याची झाली. मात्र दारे, बॉनेट व डिकीचे झाकण ॲल्युमिनियमचेच राहिले. १९६१ साली आलेल्या ई-टाइप मोटारीत मधला भाग भार पेलणाऱ्या पोलादी पेटीचा, तर पुढील भाग नळ्यांच्या चौकटीचा होता. तिच्या अगदी आरंभीच्या प्रतींत बॉनेटवरील हवेच्या झडपांच्या पट्ट्या वेगळ्या करून वेल्ड केलेल्या असत. पुढे त्या बॉनेटच्या पत्र्यातच दाबून काढल्या जाऊ लागल्या. असा लहानसा फरक मोटारीचा काळ सांगतो. आरंभीच्या मोटारीवर नंतरचे बॉनेट बसवले तर मोटार सुबक दिसेल, परंतु तिच्यातील हा पुरावा नष्ट होईल.

या काळातील पोलादी पत्रा साधारणतः ०.९ ते १ मिलिमीटर जाडीचा असे, तर हाताने घडवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा बहुधा १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीचा. पुढील सर्व विवेचनात ही जाडी लक्षात ठेवणे आवश्यक आहे. कारागिराजवळ असलेली एकूण पुंजी एवढीच असते.

३. गंज : कारणे व निदान

लोखंड, पाणी व प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो. त्यात मीठ मिसळले की त्याची गती वाढते. म्हणूनच हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशांतील, तसेच कोकण-गोव्यासारख्या दमट व खाऱ्या हवेच्या प्रदेशातील मोटारी लवकर गंजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या सांध्यात तो साठला, की पत्रे एकमेकांपासून फाकतात आणि आणखी पाणी आत शिरते. दाराखालची पोकळ पट्टी, मडगार्डच्या कडा, डिकीचा तळ आणि काचेच्या रबराखालची खाच ही गंजाची नेहमीची ठिकाणे होत.

ॲल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नसले, तरी ते पोलादाला टेकलेले असेल आणि मध्ये ओलावा असेल, तर विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियमच खाल्ले जाते. एक्सके १२० सारख्या मिश्र धातूंच्या बॉडीत हा दोष विशेष आढळतो.

निदानासाठी चुंबक, रंगाची जाडी मोजणारे उपकरण आणि बोटाने वाजवून ऐकण्याची सवय या तिन्हींचा उपयोग होतो. चुंबक सैल चिकटला तर आत भरण जाड आहे, असे समजावे. जुना रंग काढतानाही तारतम्य लागते. वाळूच्या माऱ्याने गंज निघतो, परंतु मोठा सपाट पत्रा वाकतो. या वाकण्याचे कारण केवळ उष्णता असल्याचे मानले जाते. वस्तुतः असंख्य कणांच्या आघाताने पत्र्याची एक बाजू ताणली जाते आणि तो त्या बाजूने फुगतो. आम्लाच्या हौदात बुडवल्यास पोकळीतील गंजही निघतो. मात्र सांध्यांत राहिलेले आम्ल नंतर रंगाखालून बाहेर येते. म्हणून मोठ्या पृष्ठांसाठी रासायनिक द्रव आणि हातकाम, तर जाड व बळकट भागांसाठी वाळूचा मारा अशी विभागणी श्रेयस्कर ठरते.

४. पत्रा सरळ करणे : धातूचा स्वभाव

पोक आलेला पत्रा मागून ठोकून बाहेर काढावा, इतके हे काम सोपे भासते. प्रत्यक्षात धातूचे दोन गुणधर्म येथे आड येतात. पहिला, लवचीकपणा : पत्रा थोडा वाकवून सोडला तर तो पूर्वस्थितीत येतो, मर्यादेपलीकडे वाकवला तर तसाच राहतो. मोठ्या पोकातील बराचसा भाग केवळ अडकून राहिलेला असतो, तर खरी कायमची इजा कडेच्या दुमडीत असते. म्हणून इजा ज्या क्रमाने झाली त्याच्या उलट क्रमाने ती काढावी, म्हणजे शेवटची दुमड प्रथम सोडवावी, असा या व्यवसायाचा नियम आहे. दुमड सुटली की उरलेला पोक पुष्कळदा आपोआप वर येतो. दुसरा गुणधर्म म्हणजे ठोक्यांनी धातू कठीण होत जातो. अनावश्यक प्रत्येक ठोका पुढचे काम अवघड करतो.

या कामाची प्रमुख साधने हातोडी आणि डॉली ही होत. डॉली म्हणजे हातात धरावयाची लहान ऐरण. हातोडीचा ठोका बरोबर डॉलीवर पडला तर मधला पत्रा चेपून पातळ होतो आणि त्याचे क्षेत्रफळ वाढते. डॉली खोलगट भागाखाली ठेवून ठोका शेजारच्या उंचवट्यावर मारला तर क्षेत्रफळ न वाढता दोन्ही भाग समपातळीत येतात. नवशिका कारागीर पहिल्या पद्धतीचा अतिरेक करतो; मग पत्र्यात जादा धातू तयार होतो आणि तेलाच्या डब्याच्या बुडासारखा तो दाबला की टक्कन आत-बाहेर होऊ लागतो.

वाढलेला पत्रा आकसवण्यासाठी उष्णतेचा उपयोग करतात. दहा मिलिमीटर व्यासाचा एक ठिपका लाल होईपर्यंत तापवला, तर मोकळा असता तो सुमारे एक दशांश मिलिमीटरने पसरला असता. भोवतालचा थंड पत्रा त्याला पसरू देत नाही, त्यामुळे मऊ झालेला धातू जाडीच्या दिशेने फुगतो. थंड होताना मात्र तो सर्व बाजूंनी आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढून घेतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत आणखी सावधगिरी लागते. ते ६६० अंश सेल्सिअसला वितळते, परंतु त्यापूर्वी लाल होऊन इशारा देत नाही. म्हणून ते मऊ करण्यापूर्वी त्यावर साबण चोळण्याची जुनी रीत आहे. साबण काळपट झाला की आच काढून घ्यावी.

५. सांधकाम

गंजून सडलेला भाग कापून त्या जागी नवा तुकडा बसवावा लागतो. हा तुकडा एकावर एक चढवून जोडल्यास काम लवकर होते, परंतु पुन्हा तोच पाणी धरणारा सांधा तयार होतो. काठाला काठ भिडवून वेल्डिंग करणे कष्टाचे असले तरी इष्ट असते. सलग तार सोडणाऱ्या मिग वेल्डिंगचा जोड कठीण व उंच होतो. गॅस किंवा टिग वेल्डिंगचा जोड तुलनेने मऊ राहतो आणि ठोकून पत्र्यात मिळवता येतो. कोणताही जोड थंड होताना आकसतो व लगतचा पत्रा ओढतो. ही ओढ काढण्यासाठी जोडाच्या रेषेवर डॉलीवरचे ठोके देऊन तेवढाच धातू वाढवावा लागतो. एरवी टाळावयाची क्रिया येथे उपाय ठरते.

६. मठारकाम आणि कानस

पत्रा मूळ आकारात आला की त्याच्या पृष्ठावर उरलेल्या बारीक उंच-सखल जागा हलक्या ठोक्यांनी मिटवाव्या लागतात. या क्रियेसाठी मराठीत तांबटांचा अचूक शब्द आहे : मठारणे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तांब्याचे भांडे घडवल्यावर त्यावर ओळीने ठोके देऊन त्याला बळकटी व झळाळी आणतात, त्यालाच मठारकाम म्हणतात. तत्त्व एकच असले तरी हेतूत फरक आहे. तांब्याच्या घागरीवर ठोक्यांच्या चकत्या अलंकार म्हणून राहू दिल्या जातात. मोटारीच्या पत्र्यावर मात्र एकही ठोका शेवटी दिसता कामा नये.

राहिलेले दोष शोधण्यासाठी वक्र दातांची रुंद कानस पत्र्यावरून तिरपी फिरवतात. उंच जागी ती घासते व चमक येते. खोल जागी ती स्पर्श करीत नाही व काळसर डाग राहतो. तो डाग मागून हळूच उचलून पुन्हा कानस फिरवायची. पातळ कापडाचा मोजा घालून तळहात फिरवला की डोळ्यांना न दिसणारी लाटही जाणवते. अशा रीतीने कोणतेही भरण न वापरता पत्रा रंगयोग्य करणे, हे पत्राकामातील सर्वोच्च कौशल्य मानले जाते.

परंतु येथेच मध्यवर्ती पेच उभा राहतो. कानस दोष दाखवते, तशीच ती धातूही काढते. ०.९ मिलिमीटरच्या पत्र्यातून ०.२ मिलिमीटर गेला तर जवळपास पाचवा हिस्सा गेला. पूर्वी एकदा दुरुस्त झालेल्या किंवा आतून गंजलेल्या पत्र्यावर हे घडल्यास तो पृष्ठतः निर्दोष आणि आतून दुबळा होतो. म्हणून कानस ही काम करण्याचे नव्हे, तर पाहण्याचे साधन समजावे.

७. भरणकाम : शिसे आणि पुट्टी

पॉलिस्टर पुट्टी १९५० च्या दशकात प्रचारात येण्यापूर्वी सांधे व खोलगट जागा शिसे-कथिलाच्या डाखाने भरीत असत. ही केवळ दुरुस्तीची युक्ती नव्हती. ई-टाइपसह अनेक मोटारींचे सांधे कारखान्यातच अशा डाखाने झाकले जात. सत्तर भाग शिसे व तीस भाग कथील यांचे मिश्रण १८३ अंशांवर मऊ होऊ लागते आणि सुमारे २५५ अंशांवर पूर्ण पातळ होते. या दोन तापमानांच्या दरम्यान ते लोण्यासारखे राहते, आणि चरबी लावलेल्या लाकडी पट्टीने उभ्या पृष्ठावरही पसरवता येते.

हा डाख पत्र्यावर धरावा यासाठी आधी पत्र्याला कथलाचा पातळ लेप द्यावा लागतो. महाराष्ट्रातील घराघरांत एकेकाळी परिचित असलेली कल्हई ती हीच. कल्हईवाला तांब्याचे भांडे तापवून नवसागराने स्वच्छ करतो व कथील कापसाने पसरतो. पोलादी पत्र्यावर नवसागराऐवजी बहुधा झिंक क्लोराइड वापरतात. काम झाल्यावर ही क्षारद्रव्ये सोड्याच्या पाण्याने पूर्णपणे धुतली नाहीत तर रंगाखाली फोड येतात. शिशाची धूळ विषारी असल्याने हा डाख यंत्राने घासू नये. हातकानशीनेच उतरवावा व धूळ गोळा करून विल्हेवाट लावावी.

पुट्टी स्वस्त, थंड व सुलभ आहे. तिच्या बदनामीस तिचा गैरवापर कारण आहे. गंजावर किंवा भोकावर बोटभर जाडीची पुट्टी थापल्यास ती ओलावा धरते, तडकते व गंज झाकते. स्वच्छ धातूवर, किंवा संरक्षक एपॉक्सी प्रायमरवर, दोन-तीन मिलिमीटरच्या आत दिलेली पुट्टी मात्र दीर्घकाळ टिकते. जतनाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट विचारात घ्यावयास हवी. पुट्टी पुढे काढून टाकता येते; कानशीने गेलेला किंवा कापून टाकलेला मूळ पत्रा परत येत नाही. त्यामुळे किंचित सखल राहिलेला मूळ पत्रा पातळ भरणाने सम करणे, हे तो कापून नवा बसवण्यापेक्षा पुष्कळदा अधिक प्रामाणिक ठरते. येथे प्रामाणिकपणाची कसोटी द्रव्याची नसून नोंदीची आहे. काय भरले व कोठे भरले, याची छायाचित्रांसह लेखी नोंद मोटारीबरोबर राहावयास हवी.

८. रंग व मुलामा

रंगाबाबत येथे संक्षेपाने इतकेच सांगता येईल, की तो दोष झाकत नाही, उलट उघड करतो. गडद व चकचकीत रंगात प्रतिबिंबाची रेषा वाकते आणि मिलिमीटरच्या काही शतांशांची लाटही दिसते. जनरल मोटर्सने १९२३ मध्ये ओकलंड मोटारींसाठी ड्युको हा नायट्रोसेल्युलोज रंग वापरण्यास आरंभ केल्यावर रंग वाळण्याचा काळ कमालीचा घटला. आजचे दोन घटकांचे रंग त्याहून टिकाऊ आहेत, परंतु त्यांची काचेसारखी खोल चकाकी जुन्या मोटारीवर मुळात कधीच नव्हती.

हीच गोष्ट मुलाम्याची. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वी मोटारींचे चकाकते भाग बहुधा निकेलचे असत. क्रोमियमचा मुलामा त्यानंतर रूढ झाला. त्यामुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या मोटारीवरील निळसर क्रोम हा काळविसंगतीचा दोष ठरतो. क्रोमचा थर मिलिमीटरच्या एक सहस्रांशाहूनही पातळ असतो. गंजरोधाचे खरे काम त्याखालचे निकेल करते आणि जिल्हई त्याखालच्या धातूला द्यावी लागते. अति जिल्हईने बिल्ल्यांवरील अक्षरे बोथट होतात व कडा गोल होतात. शिवाय पारंपरिक क्रोमकामातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने कामगारांच्या आरोग्याचा प्रश्नही त्यात गुंतलेला आहे. युरोपीय संघात २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर पूर्वपरवानगीच्या कक्षेत आणण्यात आला आहे.

९. कोठे थांबावे?

वास्तुवारशासाठी १९६४ साली तयार झालेल्या व्हेनिस सनदेने, अनुमान सुरू होते तेथे पुनर्स्थापना थांबावी, असा दंडक घातला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हा या संस्थेने, २०१२-१३ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेत त्याच विचाराचा वाहनांपुरता विस्तार आहे. जतन, संवर्धन व पुनर्स्थापना या भिन्न क्रिया असून शक्य तेवढा कमी हस्तक्षेप करावा, असा तिचा रोख आहे.

व्यवहारातही दृष्टी बदलत आहे. १९३० च्या दशकापासून स्वित्झर्लंडमधील माजोरे सरोवराच्या तळाशी पडून असलेली १९२५ ची बुगाटी मोटार जुलै २००९ मध्ये वर काढण्यात आली. जानेवारी २०१० मध्ये पॅरिस येथे तिचा लिलाव झाला. कॅलिफोर्नियातील मुलिन संग्रहालयाने ती दुरुस्त न करता, खाल्लेल्या पत्र्यासह, तशीच प्रदर्शित केली. ते संग्रहालय २०२४ मध्ये बंद झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पेबल बीच येथील प्रतिष्ठित स्पर्धेत १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ स्पोर्ट्स या मोटारीस सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला. पुनर्स्थापना न केलेल्या, जतन गटातील मोटारीस हा मान मिळण्याचा त्या स्पर्धेतील तो पहिलाच प्रसंग होता.

भारतात केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांची स्वतंत्र नोंदणी करण्याची तरतूद झाली. वाहन मूळ स्वरूपात असावे व त्यात फार मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यातील अट आहे. याचा अर्थ, मूळ पत्रा किती राखला हा प्रश्न आता केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही; त्याला कायद्याचीही बाजू आली आहे. कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यात तयार झालेल्या जुन्या फियाट मोटारी आज या वयोमर्यादेत येतात. त्यांचे पत्रे सरळ करणारे कारागीर बहुधा गॅरेजमध्येच शिकले आणि त्यांच्या ज्ञानाची लेखी नोंद फारशी झालेली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील पत्राकामाचे शिक्षण, धातुशास्त्राचे अध्यापन आणि वारसा-अभ्यास यांची सांगड घालण्यास येथे वाव आहे.

१०. निष्कर्ष

१) मोटारीच्या बॉडीचा मूळ पत्रा हा ऐतिहासिक पुरावा आहे, तो मिलिमीटरभर जाडीचा असल्याने प्रत्येक क्रिया त्यातून काहीतरी खर्च करते.

२) पत्राकाम हे केवळ हस्तकौशल्य नसून लवचीकपणा, काठिण्य व उष्णतेने होणारे प्रसरण-आकुंचन यांच्या प्रत्यक्ष ज्ञानावर ते उभे आहे.

३) भरणरहित पत्रा हा कौशल्याचा आदर्श असला, तरी जतनाचा एकमेव निकष नाही, परत काढता येणारा उपाय पुष्कळदा अधिक योग्य ठरतो.

४) कारखान्यात होती त्याहून अधिक गुळगुळीत व चकचकीत केलेली मोटार सुंदर असू शकते, परंतु ती आपल्या काळाविषयी चुकीची साक्ष देते.

सारांश, हातोडी कोठे मारावी हे कारागिराला कळणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती कोठे खाली ठेवावी हे कळणेही महत्त्वाचे आहे. तांबट आणि कल्हईवाले यांची परंपरा असलेल्या समाजात या विद्येला अभ्यासक्रमात व संशोधनात स्थान मिळणे उचित होईल.